अँड्र्यू जॅक्सन: बाहेरून आलेल्या माणसाने अमेरिकेचं अध्यक्षपद कसं बदललं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: अँड्र्यू जॅक्सन हा अमेरिकेचा पहिला ‘बाहेरचा’ अध्यक्ष म्हणतात, क्लासच्या नोट्समध्ये त्याच्यावर ‘सामान्य माणसाची लोकशाही’ आणि ‘स्पॉइल्स सिस्टिम’ (जिंकणाऱ्या पक्षाने सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांना वाटणं) असे दोनच मुद्दे आहेत, तर त्याने खरंच राज्यकारभार बदलला की नुसती आपली माणसं भरली? चेरोकी ह्या मूळनिवासी लोकांच्या बाबतीत त्याने सुप्रीम कोर्टाला धुडकावलं हे खरं का? आणि १८३७ ची मंदी त्याच्या नावावर टाकायची का? मी बरीच वर्षं एमएच्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकवतोय, आणि जॅक्सन आला की वर्गात दरवेळी दोन तट पडतात, एकाला तो गरिबांचा कैवारी वाटतो, दुसऱ्याला हुकूमशहा, आणि दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो. म्हणून जरा लांब लिहितोय.

माझ्या मते घोडं पेंड खातं ते इथे, की दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. एक म्हणजे त्या काळात देशच कसा बदलत चालला होता, आणि दुसरा म्हणजे हाच माणूस खुर्चीत बसला म्हणून काय बदललं. जॅक्सनच्या खात्यावर जमा केलेलं बरंचसं आधीच सुरू झालेलं होतं. गोऱ्या पुरुषांना मालमत्तेची अट न लावता मत देणं ही गोष्ट घ्या. इंडियाना १८१६ ला, इलिनॉय १८१८ ला, अलाबामा १८१९ ला संघराज्यात आलं ते ही अट न घालताच, न्यूयॉर्कने १८२१ च्या घटना परिषदेत गोऱ्यांसाठीची अट जवळपास काढून टाकली. मताधिकार हा राज्यांचा विषय होता, जॅक्सनने कोणालाही मताचा हक्क दिलेला नाही. उलट त्या नव्या मतदारांनी जॅक्सनला अध्यक्षपद दिलं. तेव्हा ‘जॅक्सनने मताधिकार वाढवला’ असं उत्तरपत्रिकेत लिहू नका, तपासणारा तिथेच गुण कापतो.

त्याने बदललं ते अध्यक्षपद. ‘मी साऱ्या जनतेचा थेट प्रतिनिधी आहे’ हा दावा त्याने उघडपणे मांडला आणि तो चालवायला तीन हत्यारं वापरली: व्हेटो (काँग्रेसने पास केलेलं बिल नाकारणं), अधिकाऱ्यांची उचलबांगडी आणि पक्ष. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, प्रतिनिधीगृह आणि सिनेट मिळून. ही हत्यारं त्याच्या आधीही होती, पण त्यांना एका सुतात बांधून काँग्रेस, बँक आणि स्वतःच्याच मंत्र्यांवर चालवणारा तो पहिला. बाकीचं सगळं उत्तर ह्याच धाग्याने जातं.

आता ‘बाहेरचा’. बाहेरचा म्हणजे कशाच्या बाहेरचा हे ठरवल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पैशाअडक्याच्या दृष्टीने बघाल तर १८२८ साली जॅक्सन बाहेरचा अजिबात नव्हता. टेनेसीत नॅशव्हिलजवळ हर्मिटेज नावाचा त्याचा कापसाचा मोठा मळा होता, अध्यक्ष झाला तेव्हा जवळपास शंभर गुलाम तिथे राबत होते, पुढे हा आकडा दीडशेच्या घरात गेला. वकिली करून झालेली, राज्याच्या वरच्या कोर्टात न्यायाधीश होऊन झालेलं, प्रतिनिधीगृहात एकदा आणि सिनेटमध्ये दोनदा जाऊन आलेला. म्हणजे पाटी कोरी नव्हती.

पण अध्यक्ष व्हायची वॉशिंग्टनमधली जी एक ठरलेली वाट होती, तिच्या तो साफ बाहेरचा होता. पहिले सहाच्या सहा अध्यक्ष व्हर्जिनियाचे नाहीतर मॅसॅच्युसेट्सचे. जेफरसन, मॅडिसन, मन्रो, जॉन क्विन्सी ॲडम्स हे चौघेही आधी परराष्ट्रमंत्री राहिलेले, आणि उमेदवार कोण हे काँग्रेसमधले पक्षाचे खासदार बैठक घेऊन आपसात ठरवायचे. जॅक्सन १७६७ साली दोन्ही कॅरोलायनांच्या सीमेवरच्या वॅक्सहॉज भागात जन्मला, बाप जन्माआधीच गेला, स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत दोन्ही भाऊ आणि आईही गेली, आणि पोरसवदा वयात ब्रिटिशांच्या हाती सापडल्यावर अधिकाऱ्याचे बूट साफ करायला नाही म्हटलं म्हणून डोक्यावर आणि हातावर तलवारीचा वार खाल्ला, त्याचे व्रण मरेपर्यंत राहिले. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. देशभर नाव झालं ते ब्रिटनशी झालेल्या १८१२ च्या युद्धात, ८ जानेवारी १८१५ ला न्यू ऑर्लिन्सला ब्रिटिशांना धूळ चारली तेव्हा. तहावर सह्या त्याच्या दोन आठवडे आधीच युरोपात झाल्या होत्या पण बातमी पोचलेली नव्हती, आणि लोकांच्या मनात युद्ध जिंकलं ते जॅक्सनने.

मग आली १८२४ ची निवडणूक, आणि ही नीट समजून घ्या कारण पुढच्या सगळ्या रागाचं मूळ इथे आहे. चार उमेदवार. लोकांची मतं जॅक्सनला सगळ्यात जास्त, इलेक्टोरल मतंही (राज्यांनी निवडलेल्या इलेक्टरांची मतं, अध्यक्ष ह्यांवर ठरतो) सगळ्यात जास्त: जॅक्सन ९९, ॲडम्स ८४, क्रॉफर्ड ४१, क्ले ३७. पण बहुमताला लागत होती १३१, ती कुणाकडेच नाहीत, म्हणून घटनेप्रमाणे निवड प्रतिनिधीगृहाकडे गेली, तिथे प्रत्येक राज्याला एक मत आणि फक्त पहिले तीन उमेदवार रिंगणात. चौथा आलेला हेन्री क्ले हाच त्या सभागृहाचा अध्यक्ष होता, त्याने आपलं वजन ॲडम्सच्या पारड्यात टाकलं, फेब्रुवारी १८२५ मध्ये ॲडम्स १३ राज्यांच्या मतांनी निवडून आला आणि त्याने क्लेला परराष्ट्रमंत्री केलं. म्हणजे पुढच्या अध्यक्षाची जागाच त्याला दिली असं लोकांना दिसलं. आधीपासून सौदा ठरला होता याचा पक्का पुरावा नाही, ॲडम्स आणि क्ले यांची धोरणं मुळातच जुळत होती, पण दिसायला ते इतकं वाईट दिसलं की ‘भ्रष्ट सौदा’ हे दोन शब्द पुढची चार वर्षं जॅक्सनवाल्यांना पुरले.

ती चार वर्षं वाया घालवली नाहीत त्यांनी. इथे नाव लक्षात ठेवायचं ते मार्टिन व्हॅन ब्युरेनचं. न्यूयॉर्कचा हा सिनेटर संघटनेत मुरलेला माणूस, आपल्या राज्यात त्याने शिस्तीचा पक्ष बांधून दाखवला होता, आणि दक्षिणेतले मळेवाले व उत्तरेतले साधे रिपब्लिकन (जेफरसनच्या जुन्या पक्षाचे, आजचा रिपब्लिकन पक्ष नव्हे) यांची मोट जॅक्सनच्या नावाखाली बांधायची ही कल्पना त्याची. गावोगाव कमिट्या, पक्षाची वर्तमानपत्रं, मिरवणुका, जॅक्सनचं टोपणनाव ‘ओल्ड हिकरी’ म्हणून चौकाचौकात हिकरीच्या झाडाचे खांब. १८२४ ला साधारण साडेतीन लाख लोकांनी मतं दिली होती, १८२८ ला साडेअकरा लाखांच्या आसपास. ह्यात एक हिशेबाची गोष्ट धरायची, १८२४ ला २४ पैकी ६ राज्यांत इलेक्टर विधिमंडळ निवडायचं, न्यूयॉर्कसारखं मोठं राज्यही त्यात होतं, १८२८ ला अशी दोनच राज्यं उरली, त्यामुळे आकडा वाढला त्यातला काही भाग निव्वळ नियम बदलल्याचा आहे. तरी उरलेली वाढ ही संघटनेची आणि माणसाच्या ओढीची. जॅक्सन १७८, ॲडम्स ८३. प्रचार घाणेरडा झाला, जॅक्सनची बायको रेचेल हिच्या पहिल्या लग्नाचा घटस्फोट पूर्ण व्हायच्या आधीच दुसरं लग्न झालं होतं ते उकरून काढलं, आणि निकालानंतर महिन्याभरातच, डिसेंबर १८२८ मध्ये ती वारली. जॅक्सनने विरोधकांना त्याबद्दल कधीच माफ केलं नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: मतदार आधी वाढले, वाट अडवली गेल्याची चीड १८२४ ने दिली, यंत्रणा व्हॅन ब्युरेनने उभी केली, आणि ह्या तिन्हीवर बसून येणारा माणूस स्वभावाने सेनापती होता.

आता स्पॉइल्स सिस्टिम. नोट्समध्ये असं वाटतं की जॅक्सन आला आणि सगळी ऑफिसं साफ केली. तसं झालेलं नाही. पहिल्या दीडेक वर्षात केंद्राच्या सुमारे दहा हजार नोकऱ्यांपैकी हजाराच्या आतच माणसं काढली गेली, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. निष्ठेवर नेमणुका राज्यांत, खासकरून न्यूयॉर्कमध्ये, आधीपासून होत्या. ‘जिंकणाऱ्याचीच लूट’ हे वाक्यही जॅक्सनचं नाही, ते १८३२ मध्ये न्यूयॉर्कचा सिनेटर विल्यम मार्सी सिनेटमध्ये बोलला. नवं होतं ते त्यामागचं तत्त्व, आणि ते डिसेंबर १८२९ च्या त्याच्या पहिल्या वार्षिक संदेशात लिहिलेलं सापडतं: सरकारी कामं इतकी साधी असतात किंवा करता येतात की कुठलाही बुद्धीचा माणूस ती शिकू शकतो, आणि माणसं वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत बसल्याने जेवढं नुकसान होतं तेवढा त्यांच्या अनुभवाचा फायदा होत नाही. नोकरी ही कुणाची मालमत्ता नाही, असं एका राष्ट्राध्यक्षाने सरकारी कागदावर म्हणणं ही मोठी गोष्ट होती, कारण तोवर बाप-मुलगा अशी पदं चालत आल्याची उदाहरणं होती.

ह्याचे परिणाम मात्र दोन्ही बाजूंनी झाले आणि दोन्ही सांगायला हवेत. एकीकडे सॅम्युअल स्वॉर्टवाउट, न्यूयॉर्क बंदराचा कलेक्टर, देशाचा सगळ्यात मोठा जकातीचा गल्ला ह्याच्या हातात, व्हॅन ब्युरेन नको नको म्हणत असताना जॅक्सनने नेमलेला, तो १८३८ ला युरोपात पळाला तेव्हा बारा लाख डॉलरच्या वर रकमेचा हिशेब लागत नव्हता. दुसरीकडे केंटकीचा संपादक अमोस केंडल, हासुद्धा पक्षाचाच माणूस, कोषागारात ऑडिटर म्हणून बसला आणि आधीच्या ऑडिटरची अफरातफर उघडकीला आणली, पुढे १८३५ ला पोस्टमास्टर जनरल झाल्यावर कर्जात रुतलेलं पोस्टखातं हिशेबात आणलं. मी वर्गात ह्यावर एक गोष्ट सांगतो जी पुस्तकात पटकन सापडत नाही: खुर्चीतला माणूस प्रतिष्ठित घराण्यातला आहे म्हणून भरवसा ठेवायचा, ही जुनी पद्धत मोडली की भरवसा ठेवायला नियम, वह्या, तपासणी आणि वरिष्ठाची सही लागते, म्हणून माणसं बदलती ठेवण्याच्या ह्या धोरणाबरोबर अमेरिकेत कागदोपत्री नोकरशाहीही वाढत गेली. वशिल्याचा रोग पुढे एवढा बळावला की १८८१ मध्ये अध्यक्ष गारफिल्डला नोकरी न मिळालेल्या माणसाने गोळी घातली आणि १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने परीक्षा घेऊन भरती सुरू झाली. पण तो पन्नास वर्षांचा प्रवास आहे, सगळा जॅक्सनच्या माथी मारू नका.

पेगी ईटन प्रकरण, म्हणजे युद्धमंत्र्याच्या बायकोशी बाकीच्या मंत्र्यांच्या बायका बोलेनात म्हणून १८३१ मध्ये जवळजवळ अख्खं मंत्रिमंडळ गेलं, ह्यावर वेळ घालवू नका. एवढंच घ्या की त्यात उपाध्यक्ष कॅल्हून मागे पडला, व्हॅन ब्युरेन पुढे आला, आणि सल्ल्यासाठी जॅक्सन मंत्र्यांपेक्षा केंडल, ब्लेअर ह्यांच्यासारख्या संपादकांवर जास्त विसंबू लागला.

खरी गंमत बँकेच्या लढाईत आहे, इथे जरा थांबू या. सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सला १८१६ मध्ये वीस वर्षांची सनद मिळाली होती. भांडवल साडेतीन कोटी डॉलर, त्यातला एक पंचमांश सरकारचा, बाकी खासगी भागधारक, पण सरकारचा सगळा पैसा ठेवायला हीच बँक. फिलाडेल्फियाचा निकोलस बिडल तिचा अध्यक्ष, हुशार माणूस, बँक चांगली चालवली त्याने, राज्यांच्या बँकांनी बेसुमार नोटा छापू नयेत म्हणून त्यांच्यावर वचकही होता. पण ती कुणाला जबाबदार होती? सिनेटर डॅनियल वेब्स्टर सभागृहात बँकेची बाजू मांडत होता आणि बाहेर बँकेचा वकील म्हणून तिच्याकडून पैसे घेत होता, डिसेंबर १८३३ मध्ये त्याने बिडलला पत्र लिहून आपली फी नेहमीप्रमाणे आली नाही याची आठवणही करून दिली. म्हणजे जॅक्सनचा संशय हवेतला नव्हता.

सनद १८३६ ला संपणार होती, पण क्लेला वाटलं निवडणुकीच्या वर्षातच मुदतवाढीचं बिल आणलं तर जॅक्सन कात्रीत सापडेल. बिल पास झालं. १० जुलै १८३२ ला जॅक्सनने व्हेटो केला. तो संदेश मी मुलांना मुद्दाम पूर्ण वाचायला लावतो, कारण त्यात अध्यक्षपदाची नवी व्याख्या बसलेली आहे. जॅक्सनच्या आधीच्या सहा अध्यक्षांनी मिळून दहा व्हेटो केले होते आणि बहुतेक कारणं ‘हे घटनेत बसत नाही’ अशी. जॅक्सनने एकट्याने बारा केले. १८३० मध्ये क्लेच्या केंटकीतल्या मेसव्हिल रस्त्याचं बिल फेटाळून सुरुवात झालीच होती. बँकेच्या व्हेटोत घटनेचा मुद्दा आहेच, सुप्रीम कोर्टाने १८१९ मध्ये बँक वैध ठरवली असली तरी अध्यक्ष आपल्या शपथेप्रमाणे स्वतः घटनेचा अर्थ लावेल असं त्यात म्हटलंय, पण पुढे सरळ धोरणावर आणि न्यायावर बोलणं आहे: श्रीमंत आणि बलवान लोक सरकारी कायदे आपल्या स्वार्थासाठी वाकवतात, कष्टकऱ्यांना, शेतकऱ्यांना, कारागिरांना मात्र अशी मेहेरबानी मिळवायला ना वेळ असतो ना साधन. आणि हे वाचताना एक गोष्ट बघा, समोर काँग्रेस असली तरी बोलणं काँग्रेसच्या डोक्यावरून थेट मतदाराशी चाललंय. बिडलला हा संदेश इतका वेडगळ वाटला की जॅक्सनची अब्रू जाईल म्हणून बँकेच्याच बाजूने त्याच्या तीस हजार प्रती छापून वाटल्या. निवडणुकीत जॅक्सन २१९, क्ले ४९.

पण जास्त महत्त्वाचं पाऊल त्यानंतरचं, आणि नोट्समध्ये ते एका ओळीत उरकतात. जॅक्सनने ठरवलं की सनद संपायची वाट न बघता सरकारी ठेवी आत्ताच बँकेतून थांबवायच्या. कायद्याने हा अधिकार अध्यक्षाला दिलेला नव्हता, अर्थमंत्र्याला दिला होता, आणि ठेवी हलवल्या तर त्याची कारणं अर्थमंत्र्याने काँग्रेसला कळवायची होती. एक अर्थमंत्री तयार नव्हता, त्याला परराष्ट्रखात्यात पाठवलं. त्याच्या जागी आणला विल्यम डुएन, फिलाडेल्फियाचा वकील, स्वतः बँकेच्या विरोधातला. सप्टेंबर १८३३ मध्ये जॅक्सनने मंत्रिमंडळापुढे आपलं निवेदन वाचलं, सगळी जबाबदारी माझी असं सांगितलं. डुएनचं म्हणणं असं, की बँक मलाही पटत नाही पण कायद्याने निर्णय माझ्यावर सोपवलाय आणि ठेवी हलवायला आत्ता कारण नाही, म्हणून मी हलवणार नाही आणि राजीनामाही देणार नाही. २३ सप्टेंबरला त्याला बडतर्फ केलं, रॉजर टॅनीला आणलं आणि १ ऑक्टोबरपासून नवा सरकारी पैसा निवडक राज्य-बँकांत जायला लागला.

म्हणजे मंत्री काँग्रेसने दिलेल्या अधिकाराचा वापर स्वतःच्या बुद्धीने करू शकतो की अध्यक्षाच्या इच्छेने, हा प्रश्न एका बडतर्फीने निकालात निघाला. सिनेटने २८ मार्च १८३४ ला २६ विरुद्ध २० मतांनी अध्यक्षाच्या निषेधाचा ठराव केला, जॅक्सनने एप्रिलमध्ये उलट लांबलचक संदेश पाठवून सांगितलं की अध्यक्ष हा अमेरिकन जनतेचा थेट प्रतिनिधी आहे आणि तिलाच जबाबदार आहे. तेव्हा सिनेटर राज्यांची विधिमंडळं निवडत होती हे लक्षात घेतलं की त्या वाक्याचा टोला कुणाला होता ते कळतं. आणि जानेवारी १८३७ मध्ये, जॅक्सनची मुदत संपायला दोन महिने उरले असताना, त्याच्या पक्षाने सिनेटच्या १८३४ च्या हस्तलिखित नोंदवहीत तो ठराव शोधून त्याभोवती काळ्या जाड रेघा मारल्या आणि वरून आडवं लिहिलं की हा सिनेटच्या आदेशाने काढून टाकला आहे. पक्ष हे अध्यक्षाचं हत्यार कसं झालं, ते ह्या एका पानात दिसतं. त्याच झगड्यातून विरोधकही एकत्र आले, १८३४ च्या सुमाराला त्यांनी व्हिग हे नाव घेतलं, राजाच्या विरोधातले म्हणून, आणि १८४० ला त्यांनी मिरवणुका, गाणी, लाकडी झोपडीचा देखावा असं सगळं जॅक्सनवाल्यांचंच तंत्र वापरून अध्यक्ष निवडून आणला, मतदान तेव्हा सुमारे ऐंशी टक्क्यांवर गेलं. दोन मोठे पक्ष (जॅक्सनचे डेमोक्रॅट आणि व्हिग), उघड अधिवेशनात उमेदवार, शिस्तीने मतदान, ही घडी ह्या दशकात बसली.

१८३७ बद्दल. बँक गेली, राज्य-बँकांत सरकारी पैसा आला, जमिनीचा सट्टा भडकला, जुलै १८३६ मध्ये जॅक्सनने हुकूम काढला की सरकारी जमिनीचे पैसे सोन्याचांदीतच घेणार, आणि मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणं देणं बंद केलं. तोवर व्हॅन ब्युरेन अध्यक्ष होऊन दोनच महिने झाले होते. हे एवढंच बघितलं तर दोष जॅक्सनचाच. पण बँक ऑफ इंग्लंडने १८३६ मध्ये व्याजदर चढवले, कापसाचे भाव पडले, चलनात मेक्सिकोच्या चांदीचा ओघ होता, ही बाहेरची कारणं आर्थिक इतिहासकार जास्त वजनाची मानतात. मी असं लिहीन: आग जॅक्सनने एकट्याने लावली नाही, पण वचक ठेवणारी संस्था त्याने मोडली आणि तिच्या जागी काही उभं केलं नाही. ही मोठी जबाबदारी आहेच.

आता दक्षिण कॅरोलायना आणि चेरोकी हे दोन विषय शेजारी शेजारी ठेवून वाचा, वेगवेगळे वाचले तर जॅक्सन कळत नाही.

१८२८ आणि १८३२ च्या आयातकरावर दक्षिण कॅरोलायना चिडलेली, कॅल्हूनचा सिद्धांत असा की राज्य केंद्राचा कायदा आपल्या हद्दीत रद्द करू शकतं. नोव्हेंबर १८३२ मध्ये त्यांनी ठराव केला की १ फेब्रुवारी १८३३ पासून हे कर लागू नाहीत. जॅक्सन स्वतः दक्षिणेचा, गुलामांचा मालक, राज्यांच्या हक्कांचा पुरस्कर्ता, त्यामुळे तो गप्प बसेल अशी त्यांची अटकळ. पण उलट इशारा त्याने १८३० मध्येच जेफरसनच्या वाढदिवसाच्या जेवणात कॅल्हूनच्या तोंडावर दिला होता की आपलं संघराज्य टिकलंच पाहिजे. १० डिसेंबर १८३२ च्या जाहीरनाम्यात त्याने सांगितलं की सशस्त्र फुटीरपणा हा देशद्रोह आहे, सैन्य वापरायचा अधिकार काँग्रेसकडून मागून घेतला, आणि त्याच वेळी कर उतरवण्याच्या तडजोडीलाही सही दिली, दोन्ही २ मार्च १८३३ ला. १८६१ मध्ये लिंकन आपलं पहिलं भाषण लिहीत होता तेव्हा हा जाहीरनामा त्याच्या समोर होता.

आणि त्याच वर्षी जॉर्जिया काय करत होती? चेरोकींची तिथली वसाहत म्हणजे शेतं, शाळा, सिक्वोयाने तयार केलेली लिपी, १८२७ ची लेखी घटना, १८२८ पासून चेरोकी आणि इंग्रजीत निघणारं ‘चेरोकी फिनिक्स’ वर्तमानपत्र. जॉर्जियाने त्यांच्या भूमीवर आपले कायदे लादले, गोऱ्याविरुद्ध चेरोकीची साक्ष चालणार नाही असं ठरवलं, त्यात तिथे सोनं सापडलं. जॅक्सनने १८३० मध्ये मूळनिवासींना पश्चिमेकडे हटवण्याचा कायदा रेटला, प्रतिनिधीगृहात तो १०२ विरुद्ध ९७ असा जेमतेम पास झाला, म्हणजे ‘तेव्हा सगळ्यांनाच ते योग्य वाटत होतं’ हे म्हणणं टिकत नाही, न्यू जर्सीचा सिनेटर फ्रेलिंगह्यूसेन तीन दिवस विरोधात बोलला, आणि जॅक्सनच्याच टेनेसीच्या डेव्ही क्रॉकेटने विरोधात मत दिलं.

कोर्टाचं आता. मार्च १८३२ मध्ये, जॉर्जियाने तुरुंगात टाकलेल्या मिशनरी सॅम्युअल वूस्टरच्या खटल्यात, सरन्यायाधीश मार्शलने निकाल दिला की चेरोकींच्या हद्दीत जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. ‘मार्शलने निकाल दिलाय, आता त्यानेच तो अंमलात आणावा’ हे जॅक्सनचं म्हणून फिरणारं वाक्य तीसेक वर्षांनंतर छापलेलं सापडतं, त्या वेळच्या कागदांत नाही, तेव्हा ते अवतरणचिन्हात लिहू नका. शिवाय त्या क्षणी अध्यक्षाने पाळावा असा थेट आदेश त्याच्यावर नव्हताच, आदेश जॉर्जियाच्या कोर्टाला होता. पण म्हणून जॅक्सन निर्दोष ठरत नाही. एप्रिल १८३२ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच म्हटलंय की कोर्टाचा निकाल मेलेलाच जन्मला आणि जॉर्जियाला नमवायची ताकद त्यात नाही. दक्षिण कॅरोलायनाने कराचा कायदा झुगारला तर सैन्य, जॉर्जियाने केंद्राचे तह आणि सुप्रीम कोर्ट झुगारलं तर मूक संमती, आणि दोन्ही गोष्टी काही महिन्यांच्या अंतराने. एवढंच नाही, जॉर्जियाने दक्षिण कॅरोलायनाच्या बाजूला जाऊ नये म्हणून वूस्टरची सुटका करून प्रकरण मिटवण्याची खटपट झाली, जानेवारी १८३३ मध्ये तो सुटला, आणि चेरोकींच्या हातातला खटला तिथेच विझला.

पुढे डिसेंबर १८३५ मध्ये न्यू इकोटाला एका लहान गटाने तहावर सह्या केल्या. मुख्य प्रमुख जॉन रॉस त्यात नव्हता, हजारो चेरोकींच्या सह्यांचे विरोध-अर्ज काँग्रेसकडे गेले, तरी सिनेटने तो तह दोनतृतीयांशाची अट जेमतेम गाठून मंजूर केला. १८३८ मध्ये जनरल स्कॉटच्या सैनिकांनी लोकांना घरांतून काढून छावण्यांत कोंडलं आणि पश्चिमेकडे चालवलं, तेव्हा अध्यक्ष व्हॅन ब्युरेन होता पण धोरण आणि तह जॅक्सनचे. सुमारे सोळा हजारांतले चार हजारांच्या आसपास मेले असा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. हे वाचताना मला आजही राग येतो, कारण ह्या लोकांनी अर्ज, खटला, वर्तमानपत्र, घटना, सगळे कायदेशीर मार्ग धरले होते.

‘जनता’ ह्या दाव्याची किंमत ती अशी. त्या जनतेत चेरोकी नव्हते, गुलाम नव्हते, स्त्रिया नव्हत्या, आणि स्वतंत्र काळ्या लोकांचं तर असलेलं मतही ह्याच वर्षांत गेलं, टेनेसीत १८३४ च्या घटनेने, नॉर्थ कॅरोलायनात १८३५ ला, पेन्सिल्व्हेनियात १८३८ ला. १८३५ मध्ये गुलामगिरीविरोधी पत्रकं पोस्टाने दक्षिणेत जायला लागली तेव्हा ती अडवायचा कायदा करा अशी मागणी जॅक्सनने काँग्रेसकडे केली, बँकेच्या व्हेटोत श्रीमंतांच्या दडपशाहीविरुद्ध बोलणाऱ्यानेच. आणि ठेवी हलवायला आणलेल्या टॅनीला त्याने १८३६ मध्ये सरन्यायाधीश केलं, त्याच टॅनीने १८५७ मध्ये ड्रेड स्कॉटचा निकाल दिला, काळे लोक अमेरिकेचे नागरिक होऊ शकत नाहीत असं म्हणणारा.

वाचायचं कसं ते शेवटी सांगतो, हे संदेश सगळे इंटरनेटवर फुकट आहेत. आधी डिसेंबर १८२९ चा वार्षिक संदेश, त्यात नोकऱ्यांचा भाग आणि हटवण्याचा भाग दोन्ही आहेत, मग जुलै १८३२ चा व्हेटो, मग डिसेंबर १८३२ चा जाहीरनामा, मग एप्रिल १८३४ चं सिनेटला उत्तर, आणि प्रत्येकात ‘लोक’ म्हणजे कोण धरलेत ते समासात लिहीत चला. जॉन रॉसची निवेदनं त्यानंतर लगेच वाचा. १८३४ चा संदेश भाषेने जड आहे, कायद्याच्या कलमांत अडकायला होतं, तिथे अडलात तर परिच्छेद सांगा, मी अर्थ लावून देतो.